लाईट बिल खिशात घालून आजोळी: आखाजीतले पाच दिवस

आमची सोसायटी ठाण्यात. ए-विंग जुनी, बी-विंग नंतर वाढवलेली, आणि मी तिचा सेक्रेटरी. ह्या एका वाक्यात माझं दुःख आलं. यंदा मार्च संपताना बी-विंगच्या सातव्या मजल्यावर पाणी चढेना, टँकरचा खर्च वाढला, पंपाच्या मीटरचं बिल फुगलं. एका रविवारी सभेत माझ्यावर इतकी आगपाखड झाली, की मामीचा फोन आला तेव्हा "आखाजीला येतो" असं मी लगेच बोलून बसलो. आखाजी म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया. पंचवीस वर्षांत त्या सणाला आजोळी गेलो नव्हतो.

निघताना घरचं लाईट बिल खिशात राहून गेलं. तीनशे युनिटच्या आसपास. पुढचे पाच दिवस ते कागदाचं चिठोरं माझ्या डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हे वर्णन सरळ देवदर्शनाचं झालेलं नाही. देव एकच पाहिला, तोही उभ्या उभ्या.

पहिला दिवस : भुसावळ, दीपनगर, हतनूर

पहाटे पाचला भुसावळला उतरलो. फलाटावर उतरताच अंगाला लागलेली हवा कोमट होती. पहाटेची. मामेभाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने पहिलं काम केलं ते माझ्या डोक्याला स्वतःचं उपरणं गुंडाळण्याचं. "दादा, नऊनंतर ऊन तुला ओळख दाखवणार नाही."

त्याने दहा वर्षं दीपनगरात एका कंत्राटदाराकडे काम केलंय. वरणगावच्या रस्त्याला लागलं की दीपनगरच्या भुसावळ औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. चहाच्या टपरीवर मी बिल बाहेर काढलं आणि म्हणालो, "ह्याचा हिशोब सांग."

त्याने जो हिशोब मांडला तो असा. कोळशावरची एक युनिट वीज म्हणजे ढोबळमानाने पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा. तीनशे युनिटना दोनशे किलो धरून चालायचं. आपल्या कोळशात राखच तिसऱ्या हिश्शाहून जास्त, तेव्हा सत्तर-पंचाहत्तर किलो राख. आणि पाणी? जुन्या केंद्रांसाठी 2015 मध्ये केंद्र सरकारने जी मर्यादा घातली ती मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे युनिटला साडेतीन लिटर. मर्यादेत राहूनही माझ्या घरासाठी महिन्याला हजार लिटरपर्यंत पाणी कुठेतरी जातं, बरंचसं वाफ होऊन.

ग्रीडमध्ये सगळी वीज एकत्र होते. जलविद्युत, सौर, पवन, सगळी. ठाण्यातल्या माझ्या पंख्यात नेमकी दीपनगरचीच वीज फिरते असं म्हणणं चूक. पण महावितरणच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे, आणि तो कोळसा कुठेतरी असाच जळतो. दोनशे किलो म्हणजे किती, हे मला एवढं वय होईपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. चार गोणी सिमेंट. दर महिन्याला, एका घराचं.

दीपनगरात पाचशे मेगावॉटचे दोन संच आहेत आणि नंतर 660 मेगावॉटचा एक सुपरक्रिटिकल (वाफेच्या जास्त दाबावर चालणारा) संच उभा राहिला. पाचशेचा संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो. भाऊ टनांत बोलत नाही. "एका संचाला दिवसाला दोन रेक" म्हणतो. रेक म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणींची मालगाडी, जवळजवळ चार हजार टन. लहानपणी फाटकात उभं राहून आम्ही डबे मोजायचो. कोळशाची गाडी आली की सगळी पोरं खूश, कारण ती लांब असायची.

राखेचं काय होतं ते विचारलं. काही भाग पाण्यात कालवून नळातून वेल्हाळ्याकडच्या बंडात, म्हणजे बांध घातलेल्या राखेच्या तळ्यात जातो. कोरडी राख बल्करमधून (बंद टाकीच्या ट्रकमधून) विटांच्या आणि सिमेंटच्या कारखान्यांना जाते. बाजारात जे पोझोलाना सिमेंट मिळतं, त्यात पंधरा ते पस्तीस टक्के राख चालते. म्हणजे आमच्या बी-विंगच्या भिंतींत अशी राख असणार, आणि त्याच विंगच्या रहिवाशांनी मला सभेत उभं केलं होतं. टपरीवाल्या बाईंनी मध्येच तोंड घातलं, "वाळवणं झाकूनच घालावी लागतात भाऊ, रस्त्याने गाड्या जातात ना राखीच्या." मग त्यांनी फडकं बाजूला करून बिबड्या (ज्वारीचे पापड) दाखवल्या आणि दोन भाजून दिल्या. चहात बुडवून खा म्हणाल्या. खाल्ल्या. चहात बिबडी हा प्रकार मी कुणाला सुचवणार नाही.

(जाणाऱ्यांसाठी : केंद्राच्या आत असं सहज जाता येत नाही आणि फाटकाजवळ फोटो काढू नका. बाहेरूनच बघायचं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवा असं प्रत्येक जण सांगेल. त्याने काय होतं माहीत नाही, पण सांगणाऱ्याला बरं वाटतं.)

तिथून हतनूर. तापीवरचं हे धरण एकेचाळीस दरवाजांचं, लांबलचक आणि बुटकं. दीपनगरचं पाणी इथलंच. वर चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे. पूर्णा काळ्या मातीतून येते आणि येताना ती माती घेऊन येते, त्यामुळे धरणात गाळ भरत गेला आहे. पाणी बघायला गेलो तर निम्मं चिखलच दिसला. पण पाणी उतरलेल्या गाळात कुणीतरी डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेली लावल्या होत्या. एक म्हातारा हंड्याने पाणी घालत होता. वीस रुपयांत एवढं मोठं डांगर दिलं आणि पैसे घेताना म्हणाला, "हे नदीचं आहे, आमची फक्त मेहनत."

चांगदेवाचं देऊळ उभ्या उभ्या पाहिलं. दगडाची फरशी इतकी तापली होती की आम्ही अनवाणी अक्षरशः नाचत आत गेलो. आत मात्र गारवा. जाड दगडी भिंती, आणि पंखा नाही.

हतनूरला पक्षी बघायचे असतील तर डिसेंबर-जानेवारीत जा. एप्रिलमध्ये मी आणि दोन ढोक एवढेच होतो.

दुसरा दिवस : फैजपूरजवळ, मामाचं गाव

आखाजी. खान्देशात दिवाळीपेक्षा हिचं कौतुक जास्त. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि पुरुष राजरोस पत्ते कुटतात. पहाटे मामीने नवी मातीची घागर भरली. पितरांच्या नावाने. वर डांगर ठेवलं (मी आणलेलं नदीचंच, त्याचा मला उगीच अभिमान वाटला), कैऱ्या, सांजोऱ्या ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. चैत्र-वैशाखाच्या काहिलीत गेलेल्या माणसालाही आधी पाणी द्यायचं, हे लहानपणी मी बघितलं होतं पण कळलं नव्हतं.

मग खापरावरचे मांडे. चुलीवर पालथं खापर, खाली पऱ्हाटीचा जाळ, आणि मावशी दोन्ही हातांवर पुरणाची पोळी फिरवत फिरवत धोतराएवढी करते आणि भसकन खापरावर टाकते. आमरसाबरोबर मी तीन खाल्ले. चौथ्याला मामी म्हणाल्या, "खा बापा, ठाण्यात कोन करून घालतं तुले?" पऱ्हाट्या कपाशीच्या, खापर कुंभाराचं, आंबे बांधावरचे. ह्या जेवणाचं बिल कुठल्याच मीटरवर लागलं नव्हतं. चुलीचा धूर मात्र तीन बायकांच्या डोळ्यांत गेला. आमरसाच्या धुंदीत तोही विसरू नये.

दुपारी मळ्यात. यावल-रावेरची केळी म्हणजे मामांच्या तोंडी 'केयी'. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सावदा-रावेरच्या स्टेशनांवरून ती दिल्लीकडे जाते. मामांचा सगळा बाग ठिबकवर आहे, पण ठिबकला पाणी बोअरचं आणि बोअरला वीज लागते. आजोबांच्या वेळी विहिरीवर मोट होती. मामांनी ती विहीर दाखवली. आत पिंपळाचं रोप उगवलंय. त्यानंतरची बोअर तीनशे फूट, ती आटली. आताची सातशे.

"वीज केव्हा असते?" मी विचारलं.

"एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रातीची पायी आली का मी अन् कुत्रं, दोघं मयात." पायी म्हणजे पाळी, मया म्हणजे मळा. मग माझ्याकडे बघून हसले. "तुमचं बरं. बटन दाबलं का मोकये."

आता शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणून दिवसा वीज द्यायचं काम चालू आहे. शेजारच्या फीडरवर ते झालं म्हणे. मामा वाट बघताहेत. मी हिशोबाच्या नादात सांगून बसलो, की एक किलो केळ्यांमागे जगाची सरासरी सुमारे 790 लिटर पाण्याची मानतात. मामा गप्प झाले. मग म्हणाले, "मंग दिल्लीले आम्ही पाणीच पाठवतो म्हन. सालटीत भरून." त्यांच्या ठिबकवर आकडा कमी असेल, हे मी घाईघाईने जोडलं. पण त्यांना ती कल्पना इतकी आवडली की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगून झालं.

सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा एक पट्टा आहे. पाणी तिथे मुरलं की खालच्या विहिरींना उतरतं. तापीचं पाणी ह्या पट्ट्यात जिरवायची महापुनर्भरण योजना गावात सगळ्यांना पाठ आहे. 2025 च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तिच्या करारावर सह्या केल्या. बोअर सातशेवर गेली असताना सह्यांचा आनंद किती करायचा, यावर पत्त्यांच्या डावात दोन तट पडले.

परतताना फैजपुरातून आलो. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे झालं. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावातल्या कारागिरांच्या हातून एक आख्खं नगर सजवलं होतं. काही दिवसांचं शहर, आणि उरकल्यावर बांबू परत कुणाच्या तरी कुडाला. भाऊ म्हणाला, तेव्हाही पत्ते खेळले असतील का रे?

तिसरा दिवस : जळगाव

सकाळी एसटी, गर्दी, खिडकी. ह्यापलीकडे प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

जळगाव म्हटलं की लोकांना सोनं, डाळ आणि भरीत आठवतं. मला चटई बघायची होती. लग्नात, सहलीला, मशिदीत, मंदिरात आपण ज्या रंगीत प्लास्टिकच्या चटया अंथरतो, त्यांचा मोठा उद्योग इथल्या एमआयडीसीत आहे. वहिनींच्या ओळखीने एका छोट्या कारखान्यात शिरलो. आत शिरताच वास आला, गरम प्लास्टिकचा. एका कोपऱ्यात गोण्या. फुटक्या बादल्या, खुर्च्यांचे पाय, डबे, टब. मालक म्हणाले, "मुंबईकडचंही येतं, सुरतेकडचंही येतं."

ते दळलं जातं, धुतलं जातं, वितळवून त्याचा दाणा होतो. दाण्यातून बारीक पोकळ नळ्या ओढतात आणि त्या मागावर विणतात. माग म्हणजे खटाखट आवाज करणारा कापडासारखाच. शंभर वेळा बघितलेल्या मोराच्या नक्षीची चटई तिथे उलगडत होती. आमच्या सोसायटीत सुका कचरा वेगळा करा म्हणून मी चार वर्षं ओरडतोय. लोक विचारतात, वेगळा करून जातो कुठे? आता निदान एक पत्ता तरी सांगता येईल.

पण मालकांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. कचरा मिसळून आला की दाणा काळा होतो. खरकट्या डब्याला धुवायला पाणी लागतं, आणि जळगावला पाणी काही फुकट येत नाही, शहर वाघूर धरणावर जगतं. "तुम्ही तिकडे डबा विसळून टाका, आमचं इथे पाणी वाचतं." मी ठाण्यात हे वाक्य नोटीस बोर्डावर लावणार आहे.

रात्री शेवभाजी. तर्री कमी सांगायला विसरलो. विसरू नका. फौजदारी डाळही घ्या, आणि कळण्याची भाकरी असेल तर पोळी मागू नका. भरीत हिवाळ्यात, बामणोदच्या वांग्यांचं. आता मिळतं ते नावापुरतं.

चौथा दिवस : धुळे

एरंडोल, पारोळा करत दुपारी धुळ्यात. कॉलेजातला मित्र स्टँडवर घ्यायला आला. गाव बदललं तशी बोलीही बदलली. रिक्षावाला विचारतो, "कथा जानं शे, दादा?" लेवा बोलीतून अहिराणीत आल्यावर मला सीमा ओलांडल्यासारखं वाटतं.

धुळ्याच्या गल्ल्या सरळ आहेत. कॅप्टन ब्रिग्ज खान्देशात आला आणि 1819 च्या सुमारास त्याने नव्या पेठेची आखणी केली, म्हणून इथे पत्ता आजही 'गल्ली नंबर चार' असा मिळतो. गाव पांझरेच्या काठावर. एप्रिलात पांझरा म्हणजे वाळू, मधे हिरवं डबकं. शहराची तहान जुन्या काळी नकाणे, डेडरगावच्या तलावांवर भागायची. शहर वाढलं तशी तापी लांबून उपसून आणली. मित्राच्या घरी गच्चीवर तीन टाक्या आहेत. नळ रोज येत नाही याचं खान्देशातल्या शहरांत कुणाला नवल नाही. येईल त्या दिवशी बाकी कामं बंद. मी म्हणालो, घराजवळून नदी वाहते आणि पाणी दुसऱ्या नदीचं पिता. मित्र म्हणाला, "तुझी मुंबई काय मिठीचं पिते?"

खरंच आहे. भातसा, वैतरणा शहापूर तालुक्यातून आमच्याकडे येतात आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर जातात.

संध्याकाळी तो मला साक्रीच्या रस्त्याने पांझरेकाठच्या एका गावात घेऊन गेला. ह्या सगळ्या फेरीत मी जर काही घरी बांधून आणलं असेल तर ते इथलं.

इथे फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांची. नदीत आडवा दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन काही फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाणी मोजायला मीटर नाही. सत्तरीच्या एका बाबांनी पाटाच्या कडेला बसून समजावलं. मी विचारलं, पाणी कमी पडलं तर शेवटच्या शेताचं काय? मला आमचा सातवा मजला दिसत होता.

बाबा हसले. "शेवटलं शेत कोनतं? मन्ही जमीन ह्या फडमा बी शे, त्या फडमा बी शे." काठीने मातीत चार चौकोन काढले. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी कमी असेल त्या वर्षी एक आख्खा फड कोरडा ठेवायचा. मग सगळ्यांचंच थोडं थोडं जातं, एकट्याचं सगळं जात नाही. वरच्याने जास्त ओढायचं कारणच उरत नाही, कारण खाली त्याचंही शेत आहे.

मी बराच वेळ त्या चार चौकोनांकडे बघत बसलो. शहरात टंचाई नेहमी कुणाच्या तरी वाट्याला पुरी येते. शेवटच्या मजल्याच्या, नळाच्या टोकाच्या वस्तीच्या, धरणाखालच्या पाड्याच्या. वीज गेली तरी तसंच. पुण्या-मुंबईत अंधार पडला की बातमी होते, मामा रात्री दोनला मळ्यात जातात त्याची होत नाही.

फार रंगवून सांगायला नको. बाबांच्याच तोंडून कळलं, की वर धरण झालं, विहिरी झाल्या, ज्याची बोअर त्याचं पीक. बरेच फड मोडले. पोरगा फडाच्या बैठकीला येत नाही, त्याचा शेतातला पंप मोबाईलवर चालू होतो. अभियंता विश्वेश्वरय्या 1884 मध्ये नोकरीला लागल्यावर त्यांचं सुरुवातीचं काम ह्याच खोऱ्यात, दातर्तीचा सायफन. नाल्याखालून पाणी नेण्याचं. बाबांना ते नाव घरच्या माणसासारखं माहीत होतं. "विसरय्यासाहेब."

(फड बघायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाट वाहता असताना. कुणालातरी बरोबर घ्या, पाटी कुठेच नाही.)

पाचवा दिवस : साक्री, ब्राह्मणवेल

शिवाजीनगरचा महानिर्मितीचा सौर प्रकल्प 125 मेगावॉटचा, 2013 पासून चालू. कुंपणाबाहेरून दिसतात ती निळसर काळ्या काचांची शेतं. पुढे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या, सगळ्या मिळून पाचशे मेगावॉटच्या वर. संख्येने इतक्या की मोजायचा नाद मी विसाव्याला सोडला. निम्म्या उभ्याच होत्या. एक ठेलारी मेंढ्या घेऊन एका खांबाच्या सावलीत बसला होता. पवनचक्कीची सावली लांब, पण अरुंद. मेंढ्या एकामागे एक ओळीने तिच्यात उभ्या, आणि ती सरकली की सगळी ओळ सरकते. एवढं शिस्तशीर काही मी ह्या फेरीत दुसरं पाहिलं नाही.

"चालत का नाहीत?" मी पात्यांकडे बोट केलं.

"वारा आखाडमा येस. आते काय नही."

बरोबर. आपल्याकडे वारा पावसाळ्यात, ऊन दुपारी, आणि शहराची भूक संध्याकाळी सातनंतर. ऊन सगळ्यात जास्त असलेल्या घटकेला काचा भरभरून देतात, आणि आम्ही घरी येऊन एसी लावतो तेव्हा त्या झोपलेल्या असतात. मग पुन्हा रेक. साठवणुकीचे उपाय येताहेत, पण ठेलाऱ्याने विचारलं ते वेगळंच : एवढ्या खांबांमधली वीज जाते कुठे? मी पूर्वेकडे बोट केलं, मग दक्षिणेकडे. त्याने दोन्हीकडे बघितलं आणि माझ्याकडची पाण्याची बाटली मागितली. अर्धी होती. त्याने ती आधी कोकराला पाजली.

परत

मामींनी दिलेले मांडे ठाण्यात पोचेपर्यंत कडक झाले. दुधात भिजवून खाल्ले. गेटवर वॉचमनने सांगितलं, बी-विंगला दोन दिवस टँकरच.

संध्याकाळी सातव्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच भेटल्या. मी उत्साहाने त्यांना फड सांगायला लागलो. पायरीवर खडूने चार चौकोन काढले. पाणी कमी तर दोन्ही विंगचं सारखं कमी, एक दिवस सगळ्यांचाच पंप बंद, टँकरचा खर्च सगळ्यांवर. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कल्पना छान आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा फ्लॅट कुठल्या विंगला?"

"ए."

"आणि ए-विंगची सही तुम्ही आणणार?"

गुरुवारी सभा आहे.